बंबवाल्यांच्या घरातली इस्त्री

आमच्या मजल्यावर दोनच दारं. एक माझं, एक बंबवाल्यांचं. मी घरी बसून शिवणकाम करते. उजेडासाठी मशीन दाराशीच मांडलंय आणि दार दिवसभर सताड उघडं. त्यामुळे समोरच्या घरात काय शिजतं, काय करपतं आणि कोण कोणावर रुसतं, हे मला कान न देताही कळतं. कान दिला तर विचारूच नका.

बंबवाले म्हणजे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ. सहा फूट उंची, पांढऱ्याशुभ्र झुबकेदार मिशा, आणि आवाज असा की जिन्यात नुसते खाकरले तरी तळमजल्यावरचं मांजर उठून बसावं. उभा जन्म त्यांनी लोकांच्या जळत्या घरांत शिरण्यात घालवला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक नोकरीच्या गावी. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. ही आई नव्वदीला टेकलेली, मूठभर हाडांची, आणि या धिप्पाड माणसाला ती हाक मारायची ‘छोट्या’. जन्मला तेव्हा एवढासा होता, जगेल असं कोणालाच वाटलं नव्हतं, म्हणून ते नाव पडलं ते चिकटलंच. ज्यांच्यापुढे अख्खी इमारत जरा दबून असायची, त्या बंबवाल्यांना मागून हाक यायची, "छोट्या, वारं आहे रे, कान झाकून जा." आणि बंबवाले निमूटपणे मफलर गुंडाळायचे.

आजींचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची टपरी. नवरा गेला तेव्हा छोट्या कडेवर होता. नवऱ्याच्या मागे राहिली ती एक कोळशाची वजनदार इस्त्री, आणि तिच्यावर आजींनी मुलाला वाढवलं. "मी इस्त्रीच्या टेबलाखालीच लहानाचा मोठा झालो," बंबवाले सांगायचे. "वर आईचे हात चाललेले, खाली माझी बाराखडी. थंडीत त्याच्यासारखी जागा नाही बघा. ऊन ऊन कपड्यांचा वास आला की अजून मला झोप येते."

पुढे रस्ता रुंद झाला, टपरी गेली, आजी थकल्या. पण हात काही थांबेनात. विजेची इस्त्री घेऊन त्या घरातलंच इस्त्री करत बसायच्या. शर्ट, उशांचे अभ्रे, टॉवेल, रुमाल. एकदा मी त्यांना भांडी पुसायच्या फडक्यावर इस्त्री फिरवताना पाहिलं आणि हसले. "हस, हस," त्या म्हणाल्या. "पण फडक्याला घडी असली ना, की घराला शिस्त राहते."

आणि मग एका दुपारी मला करपल्याचा वास आला.

बंबवाले औषधं आणायला खाली गेले होते. मी धावत समोर गेले, तर आजी खुर्चीत बसल्या होत्या, हनुवटी छातीला टेकलेली, शांत झोपलेल्या. इस्त्री अभ्र्यावर पालथी, आणि तिच्या कडेने धुराची बारीक रेघ वर चढत होती. मी आधी प्लग ओढला, मग इस्त्री उचलली. अभ्र्यावर होडीच्या आकाराचा काळा डाग. आजी जाग्या होऊन ओशाळल्या. "डोळा लागला गं. त्याला सांगू नकोस हं."

मी कशाला सांगते? पण ज्याने आयुष्यभर धुराचाच माग काढला, त्याच्यापासून वास कसा लपवणार? बंबवाले जिन्याच्या वळणावरच थांबले. नाक वर केलं. "काय जळलं?" त्यांनी तिथूनच विचारलं. वर येऊन अभ्रा पाहिला. ओरडले नाहीत. गुपचूप स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिले.

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. "ताई, मोठ्या आगी थोड्या असतात," ते म्हणाले. "रोज होतं ते वेगळंच. एकटी म्हातारी, एक शेगडी, एक सैल बाही. नाहीतर न्हाणीघरात पाय घसरलेला आणि आतून कडी लावलेली. आम्ही दार फोडायचो. दार उघडल्यावर जे पहिल्यांदा दिसतं ना, ते मी इतक्यांदा बघितलंय. माझ्या घरात नाही बघणार."

आणि ते कामाला लागले. इस्त्री माळ्यावर गेली. गॅसला कुलूप बसलं, आणि त्याची किल्ली बंबवाल्यांच्या खिशात. सुऱ्या-कात्र्या वरच्या खणात. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. भिंतीला जागोजाग धरायला दांड्या ठोकल्या, फरशीवर रबरी चटया अंथरल्या. उंबऱ्याला पिवळा पट्टा रंगवला. शेवटी त्यांनी दलातली आपली जुनी शिट्टी दोरीत ओवून आजींच्या गळ्यात घातली. "काही लागलं, काही झालं, तर वाजवायची. उठायचं नाही."

"एवढं केलंस, आता थोडा कापूस पण आण," आजी म्हणाल्या. "त्यात गुंडाळून कपाटात ठेव मला."

सुरुवातीला आजींनी शिट्टीचा भरपूर सूड घेतला. चहा हवा, शिट्टी. चहा गोड नाही, शिट्टी. खिडकीत कावळा आला, शिट्टी. बंबवाले स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन धावत यायचे. "काय झालं, काय झालं?" "काही नाही रे. बघत होते, वाजते का." अख्ख्या इमारतीला ती शिट्टी इतकी सवयीची झाली, की तिच्याकडे कोणी लक्ष देईनासं झालं.

एक मात्र सांगते. आईला जपावं तर बंबवाल्यांनी. तळहाताच्या फोडासारखं म्हणतात ना, तसं. गोळ्या वेळच्या वेळी, पाय चेपून देणं, नखं कापणं. सकाळी तिला खिडकीशी बसवून ते तिचे केस विंचरायचे. पाण्याच्या जाड नळ्या पेललेले ते हात, आणि त्यात उंदराच्या शेपटीएवढी पांढरी वेणी. वेणी घालायला ते माझ्याकडे बसून शिकले होते, माझ्या मशीनला लोकर बांधून. एकदाही त्यांनी आईवर आवाज चढवलेला मी ऐकला नाही.

तरीही आजी विझत चालल्या. असं एकदम काही झालं नाही. आधी शिट्टी कमी झाली. मग टोमणे. मग ताटात निम्मा भात राहू लागला. खिडकीशी बसवलं की बसायच्या, निजवलं की निजायच्या. फक्त हात थांबायचे नाहीत. मांडीवरची चादर तळव्याने सपाट करत राहायच्या, मधून काठाकडे, मधून काठाकडे, एखादी चुणी राहिली तर पुन्हा.

बंबवाल्यांचं धाबं दणाणलं. डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी तपासलं, रक्त-लघवी सगळं करून घेतलं. काही सापडलं नाही. "या वयाला इतकी ठणठणीत माणसं मी कमी पाहतो," डॉक्टर म्हणाले आणि सहज आजींकडे वळले. "काय करता मग दिवसभर, आजी?"

आजींनी जरा विचार केला. "मी? मला सांभाळतात," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसले. बंबवालेही हसले, पण त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेले ते बराच वेळ कठड्याला धरून तिथेच उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईसाठी आणखी मऊ गादी आणली.

पुढे झालं ते असं. सकाळची वेळ. मी एका झग्याची बाही जोडत होते आणि समोरून शिट्टी वाजली. कितीतरी दिवसांनी! मला बरंच वाटलं. म्हटलं, आज म्हातारीला हुशारी आलेली दिसते. शिट्टी पुन्हा वाजली. मी टीप पुरी केली. ती वाजतच राहिली, दम घेत, तुटक तुटक, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बंबवाल्यांचं ‘काय झालं, काय झालं’ ऐकूच येत नाहीये.

मी आत गेले. न्हाणीघराच्या दारात आजी फतकल मारून बसल्या होत्या. बंबवाले आडवे पडले होते, अर्धे आत, अर्धे बाहेर, चेहरा राखेसारखा. आईच्या पायाला बुळबुळीत लागू नये म्हणून त्यांनी रबरी चटई घासून धुतली होती आणि ओलीच अंथरली होती. तिच्यावरूनच ते घसरले. आजींनी त्यांच्या डोक्याखाली टॉवेल सरकवला होता, नळ बंद केला होता, एक हात त्यांच्या कपाळावर, आणि तोंडात शिट्टी. मला पाहून त्यांनी शिट्टी काढली. "आलीस का! कधीची बोलावतेय. छोट्या, तू हलू नकोस. मी आहे."

उजवा हात दोन ठिकाणी मोडला, कंबर लचकली. हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. इमारतीतल्यांना तेवढंच निमित्त पुरलं. माणूस आगीतून जन्मभर सुखरूप बाहेर आला आणि शेवटी पायपुसण्याने आडवा केला, असं जो तो भेटायला येऊन ऐकवून गेला. बंबवाले मिशीतल्या मिशीत हसायचे, पण मनातून खचले होते. मला एकदा म्हणाले, "मी पडलो याचं काही नाही, ताई. पण तिच्यासाठी टाकलेली चटई होती ती. तिचा पाय पडला असता तर?"

लेक धावत आली. काही दिवस राहून तिने दोघांचं केलं. चटया उचलून फेकल्या, घसरत नाही अशी फरशी न्हाणीघरात बसवून घेतली. दिवसभराची बाई ठेवू म्हणाली, तर बंबवाले नको म्हणाले, आजीही नको म्हणाल्या. या एका गोष्टीवर मायलेकांचं एकमत झालं. लेकीची रजा संपली. जेवण माझ्याकडून जायचं ठरलं. उरला फक्त चहा. "चहा काय, मी डाव्या हाताने करीन," बंबवाले म्हणाले.

पहिल्याच सकाळी मी डबा द्यायला गेले तर दूध उतू जाऊन शेगडीभर झालेलं, साखरेचा डबा पालथा, आणि बंबवाले डाव्या हाताने ओट्यावर फडकं फिरवून ते सगळीकडे नीट पसरवत होते. दारात आजी उभ्या. खुर्चीतून उठून, दांडीला धरून स्वतः चालत आल्या होत्या.

"किल्ली दे," त्या म्हणाल्या.

"आई, तू बस. मी करतो."

"तू काय करतोस ते बघितलं मी. अर्धा लिटर दूध शेगडीला पाजलंस. किल्ली दे."

बंबवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण उघडून आत काहीतरी शोधायला लागले. शेवटी त्यांनी डावा हात मोठ्या कष्टाने उजव्या खिशात घातला आणि किल्ली काढून दिली.

आजींनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, आधी ओटा पुसला, मग गॅस पेटवला. मागे बंबवाले ओलं फडकं घेऊन उभे, आग लागलीच तर लगेच झेप घ्यायच्या पवित्र्यात. चहा झाला. इतका गोड की नुसता पाक. आम्ही तिघांनी प्यायला. आजी दोन कप प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या काल रात्रीच्या भाजीत मीठ कमी होतं."

मी घरी येऊन मशीनवर बसले आणि मला कळेना, इतकं बरं का वाटतंय. मग उलगडलं. कितीतरी दिवसांनी त्या मला बोलल्या होत्या.

त्या दिवसांत समोरचं घर सगळं उलटंपालटं झालं. आता खिडकीशी बंबवाले बसायचे आणि आजी त्यांचे केस विंचरायच्या, मिशांनाही फणी लावायच्या. शर्टाची बटणं लावून द्यायच्या. त्यासाठी एवढ्या उंच माणसाला पलंगावर बसावं लागायचं आणि मान वर धरावी लागायची. "हलू नकोस रे. लहानपणीही असाच वळवळायचास." प्लास्टरमधून डोकावणारी बोटं त्या कोमट पाण्यात फडकं भिजवून पुसायच्या. थकायच्या, मध्येच बसायच्या, पुन्हा उठायच्या. ताटातला भात संपू लागला. एकदा रात्रीचं जेवण पोचवायला उशीर झाला तर दारातून जोरदार शिट्टी आली, ती माझ्यासाठी होती.

मग हाडांच्या डॉक्टरांकडे दाखवायला जायचा दिवस आला. सकाळी मी डबा द्यायला गेले तेव्हा आजींनी दोरीवरून उतरवलेला शर्ट उचलला आणि उजेडात धरला.

"हा घालून जाणार? माझ्या मुलाने असं चुरगळलेलं घालून चारचौघांत जायचं? ताई, माळ्यावरून इस्त्री काढ गं."

"नाही," बंबवाले म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यात दगड होता. "ताई, काढू नका. आई, चहा ठीक आहे. इस्त्री नाही."

"का?"

"तुला माहितीये का."

"एकदा डोळा लागला माझा. एकदा. लागला, चूक झाली. म्हणून मी मेले का?"

"मरू शकली असतीस!" बंबवाले ओरडले. त्या घरातून तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तुला कळत नाही आई, मी काय काय बघितलंय. मला डोळे मिटले की दिसतं. मी बाहेर गेलो आणि मागे तुला काही..."

आजी पलंगाच्या कडेवर बसल्या. शर्ट मांडीवर. मग बोलल्या, त्या अगदी हळू.

"छोट्या, तुला नोकरी लागली तेव्हा तुझा पहिला गणवेश मी इस्त्री केला. तेव्हापासून रोज केला. टपरीत उभी असले की लांबून बंबाचा भोंगा ऐकू यायचा. मला कळायचं, तू निघालास. कुठे, किती मोठी आग, काही माहीत नाही. मी इस्त्री फिरवत राहायचे. तू परत येईपर्यंत हातातलं खाली ठेवायचे नाही. एकदा तू दुसऱ्या दिवशी आलास, भुवया जळालेल्या. आठवतं? लोक म्हणायचे, एकच मुलगा, कशाला पाठवतेस, काढ त्याला तिथून. मला वाटत नव्हतं का? रोज वाटायचं. मी तुला कधी म्हणाले, जाऊ नकोस?"

बंबवाले प्लास्टरच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"म्हणाले का कधी?"

"नाही."

"तुझं ते काम होतं. त्यात तू जिवंत दिसायचास मला. मग मी कशी म्हणणार?" त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. "मी इतकी वर्षं भ्यायले तुझ्यासाठी, आणि तुला सांगितलंही नाही. तू थोडं भी ना माझ्यासाठी. तेवढं करशील?"

खोलीत मी होते याचा दोघांनाही विसर पडला असावा. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. शेवटी बंबवाल्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले आणि मला म्हणाले, "माळ्यावर, डावीकडच्या खोक्यात आहे. वायर नीट बघून घ्या, कुठे उंदराने कुरतडली नाही ना."

मी इस्त्री काढली. वायर त्यांनी स्वतः डोळ्यांजवळ धरून सबंध तपासली. टेबलावर जाड चादर घातली. आजींनी शर्टावर पाणी शिंपडलं आणि ओल्या बोटाने इस्त्रीला निसटता स्पर्श केला. चर्र झालं. त्यांचा हात कापत होता. इस्त्री उचलताना तर इतका कापला की बंबवाले अर्धे उठले. पण ती कापडाला टेकली आणि हात थांबला. पोहणारा माणूस जमिनीवर लंगडावा आणि पाण्यात शिरताच सरळ व्हावा, तसं काहीतरी. कॉलर, खांदा, बाह्या, मग पाठ. मोडलेल्या हाताची बाही मी आधीच उसवून दिली होती. तिच्या सुट्या कडाही त्यांनी दुमडून दाबून दिल्या.

शेवटच्या बटणपट्टीला त्यांचं बोट भाजलं. "आई गं!" एवढंच. बंबवाले तिथून एका झेपेत आले, कंबरेचं दुखणं विसरून. आईचा हात नळाखाली धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. आजी त्यांच्याकडे बघून हसायला लागल्या. "अरे, एवढंसं भाजलंय. चेहरा बघ स्वतःचा, जसं अख्खं गोदाम पेटलंय."

मला वाटलं, झालं, इस्त्री चालली परत माळ्यावर. बंबवाल्यांनी बोटाला मलम लावलं. प्लग काढला. इस्त्री टेबलाच्या मध्यभागी उभी करून ठेवली. आणि म्हणाले, "शर्ट घाल मला. उशीर होतोय."

त्यानंतर दोघांत तह झाला, आणि तो घडवायला काही दिवस खेचाखेची चालली. इस्त्री दिवसाउजेडी करायची. घरात दुसरं माणूस असतानाच. उभ्याने नाही, खुर्चीत बसून. आजींनी नवा चष्मा करून घ्यायचा आणि तो घालायचाही, नुसता पेटीत ठेवायचा नाही. दांडीला धरूनच चालायचं. या बदल्यात गॅसची किल्ली ओट्यावर राहील आणि हे करू नकोस, ते करू नकोस म्हणून कोणी दिवसभर मागे लागणार नाही. बंबवाल्यांच्या लेकीने एक नवी इस्त्री पाठवली, हात काढला की आपोआप बंद होणारी. आजींना ती मुळीच पटली नाही. "ही इस्त्री आहे की लाजाळूचं झाड? जरा हात काढला की मिटते." पण वापरली.

मलाही त्यात एक गोष्ट सुचली. शिवलेला कपडा इस्त्री केल्याशिवाय गिऱ्हाइकाला देता येत नाही, आणि त्या कामाचा मला मनस्वी कंटाळा. मी रोज एखाददुसरा कपडा समोर नेऊन द्यायला लागले. आजींनी पहिल्याच दिवशी माझी एक बाही परत केली. "शिवण आतून ओढली गेलीय. उसव. यावर इस्त्री फिरवली तर लोक मला नावं ठेवतील." मला राग आला, पण बाही खरंच ओढली गेली होती. पुढे माझी गिऱ्हाइकं कपडा हातात घेऊन म्हणू लागली, आता तुमच्या कामाला वेगळीच सफाई आलीय. मी आजींकडे बोट दाखवायचे. मग कोणी मुद्दाम समोर डोकावून त्यांना सांगून जायचं. त्या दिवशी संध्याकाळी आजी मफलरवरून बंबवाल्यांना अंमळ जास्तच बोलायच्या.

इस्त्री चालू असेपर्यंत बंबवाले शेजारी स्टूल टाकून बसायचे. पायाशी वाळूची बादली. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, तरी बादली काही हलली नाही. आजींनी तिच्यात एक रोपटं लावून टाकलं. बंबवाल्यांनी दुसरी बादली आणली.

असे बरेच दिवस छान गेले. आजींना काही नवं तारुण्य आलं नाही. वय आपलं काम करतच होतं. गुडघे गेले, मग ऐकू कमी आलं, मग एका थंडीत छाती भरली आणि त्यातून उठल्या त्या निम्म्या होऊन. आता त्यांना इस्त्री पेलत नाही. हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. एके दिवशी माझा झगा त्यांनी टेबलावर पसरला, इस्त्रीच्या मुठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाल्या, "छोट्या, इकडे ये. आता तू शीक."

बंबवाल्यांना वाटलं, हे काय अवघड आहे. पहिला झगा त्यांनी असा केला की मी तो पाणी मारून पुन्हा दोरीवर टाकला. आजी पलंगावर तीन उशांना टेकून उंटावरून शेळ्या हाकायच्या. "दाबू नकोस. सरकव. तू आग विझवत नाहीयेस." "गडद कापड उलट्या बाजूने." "कॉलरीच्या टोकाकडून मध्ये ये, नाहीतर चुणी टोकाला साठते." बंबवाले घामाघूम होऊन म्हणायचे, "आई, एका वेळी एक सांग." आणि आजी म्हणायच्या, "माझ्याकडे आता तेवढा वेळ नाही रे." दोघंही हसायचे, मग बंबवाले पुन्हा कॉलर उचलायचे.

परवा दुपारी मी कपडे आणायला गेले, तर आजींचा डोळा लागला होता. बंबवाले इस्त्री फिरवता फिरवता थांबले. इस्त्री उभी केली, चवड्यांवर चालत पलंगाजवळ गेले, वाकले, आणि पांघरूण वर-खाली होतंय का ते बघत राहिले. होत होतं. ते तसेच परत आले आणि त्यांनी पुन्हा बाही उचलली.

"आहे रे अजून," आजी डोळे न उघडताच म्हणाल्या. "बाही उलटी करून घे."

बंबवाल्यांनी बाही उलटी करून घेतली.